जुन्या हाय-फायला डिजिटल प्लेअर जोडायचाय, सोबत महागडी केबलही घ्यावी का?

अॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठणठणीत असतील तर त्यांना हात लावू नका. डीएसी (डिजिटल सिग्नलचं अॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग) आतच असलेला नेटवर्क स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून किंवा घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवणारा प्लेअर, घ्या आणि साध्या आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांच्या) केबलने ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ इनपुटला जोडा. ‘फोनो’ला चुकूनही नको, ते रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं, आवाज पार फाटतो.

आता स्पीकरची केबल. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५ मीटर ओढली तरी जाऊन-येऊन रोध जेमतेम ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो दर्यामें खसखस! सोन्याचा मुलामा असतो तो जोड गंजू नयेत म्हणून, त्याने गाणं गोड होत नाही. त्यापेक्षा आधी स्पीकर भिंतीपासून जरा पुढे ओढून बघा. घुमणारा बास बऱ्याचदा तेवढ्यानेच आवरतो, तोही फुकटात.