वाड्यातला कर्णा, सोसायटीचा हॉल

प्रश्न : आमचं पंचवीसेक हौशी लोकांचं मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी धोतर-कोट, नऊवारी असा जुना थाट करून आम्ही चावीच्या ग्रामोफोनवर तबकड्या ऐकतो. वाडा पाडायला काढल्यामुळे आता एका सोसायटीच्या हॉलमध्ये आलो आहोत. इथे आवाज घुमतो, मागच्यांना शब्द कळत नाहीत. काहीजण म्हणतात, कर्ण्यासमोर माइक लावा. लावावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : माइक अजिबात नको. घुमणारा आवाज मोठा केलात तर तो आणखी घुमेल, एवढंच.

वाड्यात मातीच्या भिंती, लाकडी तुळया, खाली जाजम, आवाज मुरायचा. इथे गुळगुळीत टाइल्स आणि काचा. आमचं मंडळही असंच हललं होतं. पहिल्याच बैठकीला बालगंधर्वांचं पद लावलं, तर एक गंधर्व समोरून गातोय आणि दुसरा मागून! मग घराघरांतून सतरंज्या आणल्या आणि कर्ण्यासमोरच्या भिंतीवर चार गोधड्या टांगल्या. दिसायला धोब्याचं दुकान, पण शब्द कळू लागले. मशीन कोपऱ्यात ठेवा, कर्णा तिरका खोलीकडे. पंखे बंद. मे महिन्यात कोटवाले कुरकुरतील, कुरकुरू द्या.

टेबल घडीचं नको, ते थरथरतं. वर पाण्याची वाटी ठेवून सपाटी बघून घ्या.

आता सुई. या यंत्राला आवाजाचं बटण नसतं, जाड सुई लावली की आवाज मोठा. आणि तबकडीच्या एका बाजूला एक नवी सुई, यात काटकसर नको. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची पूडही असते. तीन मिनिटांत ती पोलादी सुईचं टोक झिजवते आणि झिजलेली सुई पुढची तबकडी कुरतडते. आमचे एक काका वापरलेल्या सुया पुन्हा त्याच डबीत टाकायचे. आता डबी माझ्या खिशात असते.

नव्या जागेत झाडपूस कराल, तेव्हा सॅनिटायझर तबकड्यांपासून लांब ठेवा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आमच्याकडे एका उत्साही सभासदाने सैगलची तबकडी चकाचक पुसली. रुमाल काळा झाला आणि तबकडीवर बोटाएवढा पट्टा उमटला. तिथे आता नुसती खरखर.

आणि कपाट पश्चिमेच्या खिडकीपाशी असेल तर आजच हलवा. उन्हाने तबकडी पापडासारखी वाकते.