वाचकांचे प्रश्न : मुद्दा टिकतो कशावर?

प्रश्न : वादविवाद स्पर्धेत ‘कमी पटाच्या शाळा बंद करून समूह शाळा (आसपासच्या शाळांची मिळून एक) काढाव्यात’ हा विषय आहे. मी विरोधी बाजूने बोलणार आहे. पाच मिनिटांसाठी नऊ मुद्दे काढलेत, पण सर म्हणतात, एकही ठसत नाही.
– अकरावीची विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर : पाच मिनिटांत, ठाशीव बोललं तर, साधारण साडेपाचशे शब्द होतात. नऊ मुद्द्यांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला साठ. तेवढ्यात विधान करता येतं, ते सिद्ध करता येत नाही. दोनच मुद्दे ठेव.

मुद्दा पुरता बांधण्याची चौकट न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, आहे : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून तिथे आग आहे. यातलं ‘जिथे धूर तिथे आग’ ही व्याप्ती. हेतूला प्रतिज्ञेशी जोडते ती हीच. बहुतेक वक्ते प्रतिज्ञा आणि हेतू सांगून पुढे जातात, व्याप्ती न बोललेलीच राहते. जाणता प्रतिस्पर्धी बरोबर तिच्यावर बोट ठेवतो.

तुझ्या विषयात हे करून पाहू. प्रतिज्ञा : पट २०च्या आत आहे, एवढ्याच कारणावरून प्राथमिक शाळा बंद करू नये. हेतू : शिक्षणहक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी आणि समूह शाळा त्याहून लांब जाईल. ऐकायला पक्कं वाटतं. पण लहान वस्त्यांसाठी मोफत वाहनाची सोय करण्याची तरतूदही नियमांत आहे, हे समोरचा सांगणारच. ‘शाळा लांब गेली की मुलं गळतात’ ही तुझी न बोललेली व्याप्ती त्या एका वाक्याने कोसळते.

म्हणून ती अधिक नेमकी कर : सहा-सात वर्षांच्या मुलाचं शिक्षण एका गाडीवर अवलंबून ठेवलं, की ज्या दिवशी गाडी चुकते त्या दिवशी वस्तीवरची सगळीच मुलं घरी बसतात. गाडी चुकण्याची कारणं ठोस आहेत : पावसात तुटलेला रस्ता, थकलेलं बिल, आजारी चालक. उदाहरण आपल्याच तालुक्यातलं घे. कोणत्या वस्तीपासून पुढची शाळा किती किलोमीटरवर, रस्ता पावसाळ्यात किती दिवस बंद असतो, हे केंद्रप्रमुख आणि ग्रामपंचायतीकडून विचारून आण. ‘एका सर्वेक्षणानुसार’ अशी मोघम सुरुवात परीक्षक लगेच ओळखतात.

मग पूर्वपक्ष. समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तूच मांड, तोही त्यांच्याहून चांगला : कायद्याच्या निकषात ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे दोघांकडे पाच इयत्ता, आणि एखाद्या इयत्तेत एकटंच मूल. हे खरं आहे, ते मान्य कर. मग दाखव, की ही अडचण शिक्षकांची आणि सोबतीची आहे. फिरते विषयशिक्षक आणि शेजारच्या शाळांचे आठवड्यातून एकदा एकत्र वर्ग, एवढ्याने ती बरीच कमी होते आणि शाळा जागेवर राहते. ‘सरकारला फक्त पैसा वाचवायचाय’ हा मुद्दा मात्र काढून टाक. उद्देश वाईट ठरला तरी धोरण चूक ठरत नाही.

वेळेची वाटणी : भूमिका ३० सेकंद, पहिला मुद्दा ९०, दुसरा ७५, पूर्वपक्ष आणि त्याचं उत्तर ७५, समारोप ३०.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेत पडला. पर्यावरण, बचत, सगळं सांगितलं होतं. पुन्हा कसा मांडू?
– कमिटी सदस्य, ठाणे

उत्तर : ‘बचत होईल’ या वाक्यावर सभासद मत देत नाहीत. किती, कधीपासून आणि बिघडलं तर काय, हे त्यांना हवं असतं.

आधी सामाईक मीटरची १२ महिन्यांची बिलं काढा. समजा, सरासरी १,५०० युनिट, म्हणजे वर्षाला १८,०००. आपल्याकडे १ किलोवॉट पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं, म्हणजे १३ किलोवॉट पुरे. विक्रेता २० किलोवॉट सुचवेल, २८,००० युनिट धरेल आणि सगळी तुमच्या दराने गुणून दाखवेल. त्याची न बोललेली व्याप्ती अशी : तयार झालेलं प्रत्येक युनिट आपल्या दराने वाचतं. ते खोटं आहे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत, वर्षअखेर उरलेल्या युनिटला फार कमी दर मिळतो.

आता हिशेब. दर किलोवॉट ६०,००० रुपये धरले तर खर्च ७,८०,०००. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे २,३४,०००. उरले ५,४६,०००. युनिट १० रुपये धरलं तर वर्षाला १,८०,००० वाचतात, साधारण तीन वर्षांत वसुली. याच्याच खाली वाईट बाजू लिहा : धूळ आणि टाकीच्या सावलीने उत्पादन २० टक्के घटलं, देखभालीला वर्षाला २०,००० गेले, तर वसुलीला साडेचार वर्षं लागतात. स्थिर आकार तर भरावाच लागतो, त्यामुळे ‘बिल शून्य’ म्हणू नका. हे दर नमुन्याचे आहेत, तुमच्या बिलातले आणि कोटेशनमधले घाला.

वरच्या मजल्यावरच्यांना गळतीची भीती असते आणि ती रास्त आहे. वॉटरप्रूफिंगची लेखी हमी ठरावाच्या मसुद्यातच घाला. वार्षिक सभेची सूचना १४ दिवस आधी जाते, तिच्यासोबत हा एक कागद पाठवा. सभेत पहिल्यांदाच आकडे ऐकलेला माणूस सावधपणे ‘नाही’ म्हणतो.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या क्लासची जाहिरात आहे, ‘आमचे ४५ विद्यार्थी निवडले गेले’. मुलाला घालावं का?
– पालक, नांदेड

उत्तर : या जाहिरातीत फक्त अंश आहे, छेद नाही. प्रवेश ६० जणांनी घेतला की ३,००० जणांनी? दुसऱ्या बाबतीत यशाचं प्रमाण दीड टक्का आहे. पुढचा प्रश्न : ते ४५ जण कोणत्या कोर्सला होते? पूर्व आणि मुख्य परीक्षा स्वतःच्या बळावर पार करून फक्त मोफत मुलाखत सरावाला आलेल्यांचेही फोटो लावले जातात. एकच चेहरा दोन-तीन क्लासांच्या फलकांवर दिसतो तो त्यामुळे. तिसरा : क्लास चाळणी परीक्षा घेऊन मुलं निवडतो का? घेत असेल तर यशातला किती वाटा शिकवण्याचा, हे आकड्यावरून कळणार नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार यशस्वी उमेदवाराच्या फोटोसोबत त्याने कोणता कोर्स घेतला होता हे देणं आवश्यक आहे, आणि त्याची लेखी संमती निकालानंतरच घ्यायची असते. फी भरण्याआधी ही माहिती लेखी मागा. जाहिरात दिशाभूल करणारी वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

प्रश्न : घरच्या ग्रुपवर काकांनी पाठवलेल्या औषधी काढ्याबद्दल शंका काढली, की ‘तू डॉक्टर आहेस का?’ म्हणतात.
– वाचक, पणजी

उत्तर : डॉक्टर नसलात तरी शंका बरोबर असू शकते. तसं पाहिलं तर संदेश लिहिणाराही बहुधा डॉक्टर नसतो, पण तो वाद काढू नका. ग्रुपवर सगळ्यांसमोर माघार घेणं वडीलधाऱ्यांना जड जातं, म्हणून फोन करा आणि विचारा, ‘काका, हा काढा न घेताही किती जण बरे झाले असते?’ सर्दी-खोकला बहुतेकांचा आठवड्याभरात आपोआप बरा होतो. काढा घेतलेले बरे झाले म्हणजे काढ्यानेच बरे झाले, असं ठरत नाही. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगणारा संदेश असेल, तर मात्र काकांच्या मानापेक्षा बाकीच्यांची तब्येत मोठी. तिथे ग्रुपवरच लिहा : गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.