अहवाल म्हणतो ‘पिण्यास योग्य’, मग नळाला वास कसला?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: शहर लहान, पाणी एक दिवसाआड येतं. पहिली दहा मिनिटं पिवळट. कधी औषधासारखा उग्र वास, कधी वासच नाही. टीडीएस मीटर ३८० दाखवतं. पाणीपुरवठा विभागाच्या अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का आहे. आणि घरी आलेल्या आरओवाल्याने दोन कांड्या बुडवून तुमच्या डोळ्यांदेखत पाण्याचा चिखल करून दाखवला. तर हे पाणी प्यावं का, आणि आरओ घ्यावा का?

आधी त्या कांड्या, कारण त्यांनीच तुमची झोप उडवलेली दिसतेय. त्यात लोखंडी कांडी असते आणि कांड्यांना वीज जोडलेली असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि गंजाचा तपकिरी गाळ तयार होतो. म्हणजे तो चिखल तुमच्या पाण्यातला नाही, त्या कांडीचा आहे. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यात जमा, त्यामुळे वीज फारशी वाहत नाही आणि पाणी साळसूदासारखं स्वच्छ राहतं. पुढच्या वेळी तो आला तर त्याच्याच ‘शुद्ध’ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता बुडव. तोही ग्लास तपकिरी होईल. मी हे एकदा केलंय. माणसाने पुढे चकार शब्द न बोलता बॅग आवरली.

टीडीएसचंही तेच. ते मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, बाकी काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आतलं पाणी चवीला चांगलं समजतात आणि १,००० च्या वर ते बेचव लागायला लागतं. तुमचं ३८० आहे, चिंता नको. पण निश्चिंतही होऊ नका, कारण ग्लासभर पाण्यात चमचाभर गटाराचं पाणी मिसळलं तरी तो आकडा जेमतेम हलेल. जंतू टीडीएसमध्ये मोजले जात नाहीत.

आता अहवाल. मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत २२ वर्षं काढली आहेत आणि असे शेकडो अहवाल लिहिले आहेत, म्हणून सांगतो: तो खोटा असेलच असं नाही. पण तो कुठल्या पाण्याचा आहे ते बघा. बहुतेक वेळा नमुना केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा किंवा उंच टाकीखालच्या नळाचा असतो. तिथे पाणी चांगलंच असतं. तुरटीने गाळ बसलेला, वाळूच्या थरातून गाळलेलं, नुकतंच क्लोरीन मारलेलं. तिथून तुमच्या ग्लासापर्यंत जे काही किलोमीटर आहेत, त्यांचा त्या कागदाशी संबंध नाही.

आणि खरा घोळ त्याच किलोमीटरांत होतो. चोवीस तास पाणी असलेल्या नळवाहिनीत आतून दाब असतो. कुठे छिद्र असलं तर पाणी बाहेर गळतं, बाहेरचं आत येत नाही. पाणी बंद झालं की दाब जातो आणि तेच छिद्र उलटं काम करायला लागतं.

एक गल्ली आठवते. केंद्रावर क्लोरीन लिटरला ०.८ मिलिग्रॅम, टाकीखाली ०.५, मुख्य रस्त्यावर ०.४ आणि त्या गल्लीत शून्य. लोकांची तक्रार एवढीच, ‘पहिल्या दोन बादल्यांना वास येतो, मग बरं असतं.’ आमच्यातल्या काहींचं मत होतं की लोकांना भास होतोय. तीन दिवस शोधून एका घराची अर्धा इंची जोडणी सापडली. ती उघड्या गटारातून आडवी गेली होती, पाइप गंजलेला, टाचणी जाईल एवढं छिद्र. पाणी सुरू असताना त्यातून बारीक कारंजं गटारात उडत होतं. मी व्हॉल्व्ह बंद करायला लावला आणि तिथेच उकिडवा बसून राहिलो. कारंजं आधी ठेंगणं झालं, मग थांबलं, आणि मिनिटभरात छिद्रापाशी गटारातला काळा गाळ गोल फिरत आत ओढला जाताना दिसला. वरच्या बाजूच्या एका घराने थेट लाइनला मोटर लावलेली होती, ती अजून चालूच होती. कोणत्याही अहवालाने मला इतकं शिकवलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. ‘पाणी चांगलं आहे का’ हा प्रश्न सोडा. ‘माझ्या नळाला, पाणी आल्यावर कितव्या मिनिटाला, किती क्लोरीन उरलंय’ हा प्रश्न धरा. ते उरलेलं क्लोरीन म्हणजे वाटेवरचा पहारेकरी आहे. वाटेत घाण शिरली की आधी तो खर्च होतो. काल ०.४ होता आणि आज शून्य, तर वाटेत काहीतरी त्याला खाऊन गेलंय. जागतिक आरोग्य संघटना नळापाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन (म्हणजे कशाशीही न बांधलेलं, जंतू मारायला मोकळं) असावं असं सांगते. जंतूंची तपासणी लागतेच (१०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, एकही नको), पण तिचा निकाल यायला साधारण एक दिवस लागतो. तोवर ते पाणी पोटात गेलेलं असतं. क्लोरीन जागच्या जागी, अर्ध्या मिनिटात कळतं.

हे किती महागात पडू शकतं त्याचं उदाहरण कॅनडातल्या वॉकर्टन गावाचं आहे. वस्ती सुमारे पाच हजार. मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला, शेतातल्या शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले आणि तिथलं क्लोरीन त्यांना पुरलं नाही. २,३०० च्या वर माणसं आजारी पडली, सात दगावली. चौकशीत निघालेली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला सांगायचो: तिथल्या रजिस्टरमध्ये क्लोरीनचे आकडे वर्षानुवर्षं ०.५ किंवा ०.७५ असेच भरलेले होते, प्रत्यक्ष न मोजता. नमुने दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा निकाल १७ मेला पाणीपुरवठा कार्यालयात पोचला होता, तो आरोग्य खात्याला कळवलाच गेला नाही. पाणी उकळून प्या ही सूचना निघाली २१ मेला. त्यामुळे कुठल्याही रजिस्टरमध्ये महिनाभर एकच आकडा दिसला तर समजा की मोजणारा खुर्चीवरून उठलेला नाही. खरं पाणी असं रोज सारखं वागत नाही.

आता तुम्ही काय करायचं ते. क्लोरीन तपासायचा छोटा संच मिळतो. थेंबांचा, म्हणजे ज्यात पिवळा रंग येतो तो, किंवा गोळी-पुडीचा, ज्यात गुलाबी रंग येतो तो. जमलं तर गुलाबीवाला घ्या, म्हणजे डीपीडी नावाच्या रसायनाचा. पिवळ्याचं रसायन, ऑर्थोटोलिडिन, हाताला लागू द्यायचं नाही आणि तपासलेलं पाणी पिण्याच्या भांड्याजवळही न्यायचं नाही. शिवाय पिवळ्यात एक गोची आहे: लगेच दिसणारा रंग मुक्त क्लोरीनचा, आणि पाच मिनिटं ठेवल्यावर गडद होणारा बांधलेल्या क्लोरीनचा. लोक नळी खिडकीत ठेवून विसरतात आणि मग ‘भरपूर आहे’ म्हणतात.

टाकीतलं पाणी तपासू नका. थेट लाइनवरच्या नळाचं घ्या. पाणी आल्याबरोबर एकदा, दहा मिनिटांनी एकदा, अर्ध्या तासाने एकदा, आणि मग तुलनेसाठी स्वयंपाकघरातल्या, म्हणजे टाकीवरच्या नळाचं एकदा. वहीत वेळेसकट लिहा. पाणी आठ-दहा वेळा येऊन जाईपर्यंत हे चालू द्या, पाऊस पडला तर तेही लिहा. नमुना बाटलीत भरून ‘उद्या बघू’ असं करू नका, क्लोरीन उडून जातं. शून्य आलेल्या दिवशी जंतूंची तपासणी करून घ्या. त्यासाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून आणा. तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारं औषध आधीच घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर पोचवा, २४ तासांच्या आत तर नक्कीच. घरच्या घरी एच-टू-एसची बाटलीही (जंतू ओळखायची साधी तयार चाचणी) चालते. पाणी काळं पडलं तर दाट संशय. मात्र काळं नाही पडलं म्हणून शंभर टक्के सुटका समजू नका.

तुमच्या पिवळट दहा मिनिटांचं: त्यात बहुतेक गंज आणि पाइपच्या तळाशी बसलेला गाळ असतो. पण पाणी बंद असताना जे काही आत ओढलं गेलं, तेही नेमकं याच पहिल्या पाण्यात येतं. तेव्हा ते धुण्या-पुसण्याला वापरा, पिण्याच्या टाकीत सोडू नका. काळपट पाणी असेल तर मॅंगनीजचा संशय घ्या. दुधासारखं पांढरं होऊन ग्लासात तळापासून वर निवळत गेलं तर ती फक्त हवा आहे.

वासाबद्दल मात्र बहुतेकांचा समज उलटा असतो. हलका क्लोरीनचा वास ही चांगली बातमी आहे. तुमच्याकडे ‘कधी वासच नाही’ ते दिवस मला जास्त खटकतात. आणि फार उग्र, नाकात जाणारा वास म्हणजे क्लोरीन जास्त झालं असंच नाही. पाण्यात अमोनिया असला, म्हणजे सांडपाण्याचा अंश असला, की क्लोरीन त्याच्याशी बांधलं जातं आणि त्या संयुगांचा वास जास्त झोंबतो. अशा वेळी क्लोरीन कमी पडत असतं, आणि तक्रार आल्यावर ते आणखी कमी केलं जातं! मी हे होताना पाहिलंय. साहेबांना वासाचा फोन येतो, साहेब डोस कमी करायला सांगतात, आणि आठवड्याने दवाखान्यात रांग लागते.

कार्यालयात गेलात तर ‘पाणी खराब येतं’ असं सांगू नका, त्याला ठरलेलं उत्तर तयार असतं. ‘आमच्या भागाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन शेवटचं कधी, किती वाजता, कोणत्या नळावर मोजलं’ हे विचारा. सोबत वहीची प्रत द्या. वेळेसकट लिहिलेले शून्य पाहिले की अभियंता खुर्चीत सरसावून बसतो, कारण त्यावरून कुठे खणायचं याचा अंदाज त्याला येतो. शेजारच्या चार घरांनीही मोजलं तर गळती कोणत्या दोन घरांच्या मध्ये आहे इथपर्यंत पोचता येतं. आणि गल्लीत कुणी थेट लाइनला मोटर लावत असेल तर भांडण झालं तरी चालेल, पण ती बंद करा. हे वाक्य तुमच्यासाठीही आहे, तुमची असेल तर.

टाकी. लाइनवर ०.४ आणि स्वयंपाकघरात शून्य आलं, तर दोष पाणीपुरवठ्याचा नाही, तुमच्या टाकीचा आहे. झाकण नीट बसतं का, वरून वाहून जायच्या पाइपाला जाळी आहे का (पालीला तेवढी वाट पुरते), जमिनीखालची टाकी सांडपाण्याच्या टाकीपासून किती लांब आहे, हे बघा. घासून धुतल्यावर टाकी पाण्याने भरा आणि हजार लिटरला ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण एक लिटर टाका. साधारण ५० मिलिग्रॅम प्रति लिटर होतं. सगळे नळ वास येईपर्यंत उघडून बंद करा, एक दिवस तसंच राहू द्या आणि मग ते सगळं सोडून द्या. ते पाणी प्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना ओरडून सांगा. आणि टाकीत बोअरचं पाणी मिसळत असाल तर नायट्रेट तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. बाटलीने दूध पिणारं सहा महिन्यांच्या आतलं बाळ घरात असेल तर हे आजच करा, कारण नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं.

तोवर प्यायचं काय? उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, फार उंचीवर, २,००० मीटरच्या पुढे, तीन मिनिटं. क्लोरीनला दाद न देणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जंतूही उकळीत मरतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्याच जंतूने सुमारे चार लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे, आणि तिथे क्लोरीन व्यवस्थित चालू होतं. कमी पडलं होतं ते गाळण. उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून ठेवा. दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात ग्लास बुडवायचा असेल तर गॅस का जाळला?

आरओ: फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट किंवा क्षार तपासणीत मर्यादेबाहेर आले तर जरूर घ्या, तिथे त्याला पर्याय कमी आहेत. फक्त जंतूंच्या भीतीने घेऊ नका. जितकं पाणी देतो त्याहून जास्त तो बहुधा मोरीत सोडतो. शिवाय त्यातला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, म्हणजे यंत्राच्या टाकीत साठलेल्या पाण्याला पहारेकरीच उरत नाही. गाळणीचं काडतूस वेळेवर न बदललेलं यंत्र हे जंतूंचं वसतिगृह असतं. तुमच्या ३८० टीडीएसला गाळणी आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा) पुरेल, पण पाणी आधी नितळ हवं. गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश पोचत नाही.

आठ-दहा वेळचे आकडे जमले की इथेच टाका, मिनिटांसकट. पहिल्या मिनिटाला शून्य असून पुढे चढत गेलं तर एक कारण, शेवटपर्यंत शून्यच राहिलं तर वेगळं. त्यानुसार पुढचं सांगेन.