छत्तीस आजारांची यादी बाजूला ठेवा, व्याख्यांची पानं काढा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. देवगडजवळ हापूसची बाग, यजमान ४२ चे, तुम्ही ३८ च्या, दोघांचा मिळून ५ लाखांचा मेडिक्लेम. एजंट म्हणतो, मेडिक्लेम बंद करा आणि त्याऐवजी '३६ आजारांची' गंभीर आजार पॉलिसी घ्या, आजार निघाला की एकरकमी पैसे हातात. घ्यावी का आणि किती रकमेची?

घ्या, पण 'त्याऐवजी' अजिबात नको. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, मग आजार डेंग्यू असो की हर्निया. गंभीर आजार पॉलिसी बिल बघतच नाही. ठरलेल्या यादीतला आजार, ठरलेल्या व्याख्येत बसला की ठरलेली रक्कम खात्यात जमा करते आणि बहुतेक पॉलिसी तिथेच संपतात. पाय मोडला तर तिथे एक रुपया नाही. बिलाची बाजू मजबूत करायची असेल तर आहे त्या मेडिक्लेमवर सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे वर्षातली बिलं ठरलेल्या रकमेपुढे गेली की वरचं भरणारा विमा. तो स्वस्त पडतो. शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. मात्र हॉस्पिटल त्या योजनेत हवं आणि उपचारही तिच्या यादीत हवा.

मग हे वेगळे पैसे कशाला? तर यजमान परळला टाटामध्ये केमोला असताना मोहोरावर फवारणी कोण करणार? नोकरदाराला निदान रजा तरी असते. बागायतदाराची एक फवारणी चुकली की तुडतुडे मोहोर खातात आणि वर्षाचं उत्पन्न हातचं जातं. होडीवाल्याचंही तेच. जून-जुलैची मासेमारी बंदी तो धरूनच चालतो, पण पुढचा हंगामही किनाऱ्यावर बसून काढावा लागला तर डिझेलची उधारी कोण फेडणार? बुडणाऱ्या कमाईसाठी ही पॉलिसी असते, आणि रक्कमही त्याच हिशेबाने काढायची.

तुम्ही घरखर्च महिना २५,००० लिहिलाय. दोन वर्षांचे झाले ६ लाख. पीककर्ज ३ लाख. फवारणी, राखण आणि काढणी सगळी मजुरीवर द्यावी लागली तर एका हंगामाला दीड लाख धरा, दोन हंगामांचे ३ लाख. मुंबईतलं राहणं, सोबतच्या माणसाचं खाणं, गाडीभाडं यांचे आणखी २. एकूण १४, म्हणजे १५ लाखांची घ्या. एजंट २५ लाख सांगतोय ते हप्त्याकडे बघून. आणि दोघांची रक्कम स्वतंत्र असू द्यात. बाईच्या नावावर विमा घ्यायला आपल्याकडे लोक मागेपुढे बघतात, पण पॅकिंगपासून गिऱ्हाइकांच्या फोनपर्यंत सगळं तुमच्याच अंगावर आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

आता खरी गोष्ट, व्याख्या. ३६ आजार की १५, याला मी फार किंमत देत नाही. येणारे दावे प्रामुख्याने कॅन्सर, हृदय, पक्षाघात आणि किडनी यांचेच असतात. या मोठ्या आजारांच्या व्याख्या विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिल्यात आणि त्या कडक आहेत.

कॅन्सर म्हणजे आजूबाजूच्या पेशींत शिरलेला कॅन्सर, तोही बायॉप्सीच्या रिपोर्टने सिद्ध झालेला. रिपोर्टवर 'कार्सिनोमा इन सिटू' असेल, म्हणजे गाठ जागच्या जागी असेल, तर ठरावीक व्याख्येत ती बसत नाही. काही कंपन्या अशा टप्प्यावर रकमेचा काही भाग देतात. हे कलम जिथे असेल तिथे मी थोडा जास्त हप्ता भरायला तयार आहे. पक्षाघातात दुबळेपणा किमान तीन महिने टिकला पाहिजे. दोन दिवसांत हात सुधारला तर आनंद आहे, पण पैसे नाहीत. किडनीत दोन्ही कायमच्या निकामी होऊन नियमित डायलिसिस लागलं पाहिजे किंवा किडनी बदलावी लागली पाहिजे.

हृदयाच्या बाबतीत लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. 'बायपास' या कलमात छाती उघडून किंवा छोट्या छेदातून केलेली बायपास शस्त्रक्रिया धरतात, अँजिओप्लास्टी (नळीने स्टेंट टाकणं) नाही. ती काही पॉलिसींत वेगळी आणि मर्यादित रकमेपुरती असते. म्हणून 'स्टेंट टाकला, आता काही मिळणार नाही' असं समजून माणसं दावाच करत नाहीत. पण स्टेंट हार्ट अटॅकमुळे टाकला असेल तर अटॅक हे यादीतलं वेगळं कलम आहे. त्याला लागतं काय? छातीत दुखल्याची नोंद, ईसीजीतला नवा बदल आणि हृदयाला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं ट्रोपोनिन किंवा तसं एखादं एन्झाइम.

तो ईसीजी निघतो कुठे? तालुक्याच्या दवाखान्यात, रात्री. मग इंजेक्शन देऊन पेशंटला करूळ घाट चढवून कोल्हापूरला नेतात, आणि ती गुलाबी चौकटींची पट्टी राहते इथल्या टेबलावर किंवा अँब्युलन्सवाल्याच्या खिशात. कोल्हापुरात स्टेंट टाकल्यावरचा ईसीजी वेगळाच दिसतो. वर तो कागद थर्मल असतो, फाइलमध्ये ठेवला तरी काही महिन्यांत पुसट होत जातो. तेव्हा पहिल्या ईसीजीचा फोटो तिथेच उभ्या उभ्या काढायचा आणि सावकाश झेरॉक्स करायची. हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

दोन मुदतीही बघा. सुरुवातीचे बहुधा ९० दिवस प्रतीक्षेचे असतात, त्यात लक्षणं दिसली तरी दावा बसत नाही. दुसरी, निदानानंतर पेशंट ठरावीक दिवस जगला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ३० दिवस, काही ठिकाणी कमी, जितके कमी तितकं बरं. त्याआधी माणूस गेला तर ही पॉलिसी काही देत नाही. तिथे टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा हवा, आणि तुमच्या यादीत तो मला कुठेच दिसला नाही. खरं तर आधी तोच बघा. टर्मवरच गंभीर आजाराचा रायडर, म्हणजे जोडकलम मिळतं, पण ती रक्कम मूळ विम्यातून वजा होते की वेगळी मिळते, हे लेखी विचारा. वजा होणारा स्वस्त दिसतो, पण पेशंट बरा होऊन पुढे काही झालं तर घरच्यांना तेवढी रक्कम कमी.

फॉर्मबद्दल. यजमानांची बीपीची गोळी लिहायचीच. आणि तंबाखूच्या रकान्यात मिश्री येते, ताई. 'बायकांचं कोण विचारतंय, नाही लिहा' असं सांगणारे भेटतात. लिहा. हप्ता थोडा वाढेल. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. पॉलिसी सलग ६० महिने चालली की आजार लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, हे एजंट बरोबर सांगतो. मात्र फसवणूक सिद्ध झाली तर ती सूट नाही, हे तो सांगत नाही. आणि आजार ६० महिने थांबेलच असं नाही.

हप्त्यावर पूर्वी १८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर तो शून्य आहे. जुन्या कोटेशनवर विश्वास ठेवू नका. आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची (८०डी म्हणतात ती) आयकराची वजावट जुन्या कररचनेतच मिळते, आणि शेतीउत्पन्नावर आयकर नसल्याने तुम्हाला तिचा उपयोग कमीच.

पॉलिसी हातात आल्यावर परत करायला ३० दिवस असतात. त्यात भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या आणि मिश्री, बीपी तुम्ही सांगितलं तसंच उतरलंय का बघा. एजंटने दिलेल्या पॉलिसीची व्याख्यांची पानं इथे टाकलीत तर अँजिओप्लास्टी आणि 'इन सिटू'चं कलम मी वाचून सांगतो. माहितीपत्रक नको, त्यात फक्त हसरी कुटुंबं असतात.