'बांबू ब्लेड' ही केंडोवरची अ‍ॅनिमे मालिका नववीतल्या मुलीबरोबर बसून बघण्यासारखी आहे का?

खुशाल बघा. तुम्ही विचारलंय की लेक नववीत आहे, तिला ही जपानी कार्टून मालिका बघायची आहे, तुम्हाला केंडोतलं, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळातलं, ओ की ठो कळत नाही, तर सोबत बसलात तर कंटाळा येईल का, आणि त्यात दाखवलेला खेळ खरा असतो की नुसती हाणामारी. कंटाळा येणार नाही. आणि खेळ बऱ्यापैकी खरा आहे, माझ्या अपेक्षेपेक्षा बराच खरा.

मी कोण सांगणारी, तर आम्ही तोक्योत निशिकासाईला राहतो आणि माझी मुलगी इथल्या सरकारी शाळेच्या केंडो क्लबात आहे. मी स्वतः शिनाय, म्हणजे ती बांबूची तलवार, फक्त उचलून कोपऱ्यात ठेवण्यापुरतीच हातात घेते. माझं ज्ञान मैदानाबाहेर बसून, डबे भरून आणि घामट कपडे धुऊन आलेलं आहे. मालिका मात्र लेकीबरोबर सगळी बघितली.

मूळ मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मासाहिरो तोत्सुकाने लिहिलेली आणि आगुरी इगाराशीने चितारलेली. ती 'यंग गानगान' या मासिकात २००४ ते २०१० अशी चालली आणि तिचे १४ खंड झाले. अ‍ॅनिमे मध्येच, २००७च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि २६ भागांत आटोपली. म्हणजे मंगा संपायच्या आतच अ‍ॅनिमे संपली. तरी शेवट लटकलेला वाटत नाही.

गोष्टीची सुरुवातच मला फार आवडली, कारण ती कुठल्याही उदात्त स्वप्नाने होत नाही. मुरोए हायस्कूलमधले केंडोचे सर हे सदा कडकीत असलेले, इन्स्टंट नूडल्सवर दिवस काढणारे गृहस्थ. नाव तोराजी इशिदा, पण सगळे त्यांना कोजिरोच म्हणतात. त्यांचे एक जुने सीनियर, इशिबाशी, दुसऱ्या शाळेत केंडोच शिकवतात. दोघांत पैज लागते: माझ्या मुलींनी तुझ्या मुलींना हरवलं तर इशिबाशींच्या वडिलांच्या सुशीच्या दुकानात वर्षभर फुकट जेवण. बस. एवढ्यासाठी सर संघ उभा करायला निघतात. क्लबात येऊन नियमित सराव करणारी मुलगी एकच, किरिनो, आणि संघाला लागतात पाच. फुकटच्या सुशीपायी एक आळशी माणूस कामाला लागतो आणि हळूहळू खरोखरचा शिक्षक होत जातो, हा सगळ्या मालिकेचा कणा. त्याचं ते बदलणं कुठे ढोल वाजवून दाखवलेलं नाही. मध्येच एखाद्या भागात लक्षात येतं की अरे, ह्याने बराच वेळ सुशीचं नाव काढलेलं नाही.

मुली पाच. किरिनो ही कॅप्टन, कायम हसरी, घरचं तयार भाज्या-पदार्थांचं दुकान. सायाको तिची जिवलग मैत्रीण. आज कवी होणार, उद्या आणखी काही होणार, मध्येच क्लबातून गायब, मग मोठा आव आणून परत. सातोरीला चष्मा आहे आणि चेहरा असा की वर्गात पहिली येत असणार. प्रत्यक्षात ती अभ्यासात जेमतेम आणि वेंधळी, पण केंडोत पक्की. या तिघींबद्दल फार सांगत नाही, त्या आपोआप आवडतात.

मियाकोबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण निम्मं हसू तिच्यामुळे. दिसायला देखणी, बोलायला मधाळ, आणि आत निखळ दुष्ट. तिचा मित्र डान, बुटका, गोल डोक्याचा, बाकीच्यांपेक्षा चार रेघा कमी मारून काढलेला. त्याच्यावर तिचं जिवापाड प्रेम. तो क्लबात आला म्हणून ती आली. डानसमोर तिचा आवाज वेगळा, डानची पाठ वळली की चेहरा काळवंडतो आणि समोरच्याची पाचावर धारण बसते. तिला कळतं की इथे दुसऱ्याला काठीने हाणलेलं चालतं, वर शाबासकी मिळते, तेव्हा तिच्या डोळ्यांत जी चमक येते ती बघून माझी लेक सोफ्यावरून खाली सरकली होती. गंमत अशी की पुढे केंडोला खरोखर जीव लावते ती हीच.

आणि तामाकी. सगळ्यांत बुटकी, सगळ्यांत गप्प आणि सगळ्यांत भारी. घरातच वडिलांचा दोजो, म्हणजे केंडो शिकवायची जागा, लहानपणापासून रोज सराव, त्यामुळे शाळेतलं कुणी तिच्या जवळपासही नाही. पण तिला केंडो आवडतं का? तर हा प्रश्नच तिला कधी पडलेला नाही. आपल्याकडे सकाळी उठून अंगण झाडतात, त्यात आवडायचं काय आणि नावडायचं काय, तसं तिचं आहे. तिला खरी आवड कशाची, तर 'ब्लेड ब्रेव्हर' नावाच्या टीव्हीवरच्या मुखवटेधारी वीरांच्या मालिकेची. ती मालिकेतली मालिका आहे, खोटी. तिथे वीर दुष्टांचं निर्दालन करतो, म्हणून इथे शाळेतले दांडगट सीनियर धाकट्या मुलांना छळताना दिसले की ही उभी राहते, गंभीर चेहऱ्याने. तिच्या दृष्टीने ते न्यायाचं काम. मारलेल्या वाराला मनातल्या मनात ब्लेड ब्रेव्हरमधलं नाव, 'अ‍ॅटॉमिक फायर ब्लेड'.

माझ्या मते मालिकेचं खरं बळ इथे आहे. बहुतेक खेळांच्या अ‍ॅनिमेत नायकाला खेळाचं वेड असतं आणि कौशल्य नसतं, ते तो घाम गाळून मिळवतो. इथे उलटं. जिच्याकडे सगळं कौशल्य आहे तिला वेड नाही, आणि ज्यांना वेड लागत जातं त्यांच्याकडे कौशल्य नाही. त्या वेंधळ्या पोरींच्या संगतीत राहून तामाकीला पहिल्यांदा मैत्रिणी मिळतात आणि रोजचा सराव कुणासाठी करायचा हे तिला उमगू लागतं. पुढे तिची गाठ तिच्या तोडीच्या मुलीशी पडते, तेव्हा मालिका चक्क शांत होते. निकाल सांगत नाही.

आता खेळाचं. तुम्हाला बघताना अडू नये इतकंच सांगते.

वार चार ठिकाणी: डोकं म्हणजे मेन, मनगट म्हणजे कोते, कुशीचा भाग म्हणजे दो, आणि गळ्यावरची भोसक म्हणजे त्सुकी. ज्या जागी मारता तिचं नाव मारतानाच ओरडायचं असतं. त्या किंचाळ्या मालिकेत वाढवून दाखवलेल्या नाहीत. उलट खऱ्या सभागृहात एका वेळी चार कोर्टांवर सामने चालू असतात तेव्हा बाजूला बसलेल्या आईला कानात बोटं घालावीशी वाटतात. त्सुकी धोक्याची म्हणून माध्यमिक शाळेच्या सामन्यांत चालत नाही, हायस्कूलपासून चालते. त्यामुळे मालिकेतल्या मुलींनी ती मारली तर नियमात बसतं.

पंच तीन, प्रत्येकाच्या हातात एक लाल आणि एक पांढरं निशाण. खेळाडूंच्या पाठीवरही लाल किंवा पांढरी फीत बांधलेली असते. तिघांपैकी दोघांनी एकाच रंगाचं निशाण उचललं की गुण. तीन गुणांचा सामना, आधी दोन मिळवील तो जिंकला. पण तलवार लागली म्हणजे गुण मिळाला असं मुळीच नाही. आवाज, तलवार आणि पाऊल तिन्ही एकाच क्षणी पडलं पाहिजे, आणि मारून झाल्यावरही सावध राहिलं पाहिजे. हे सगळं दोन डोळ्यांनी, अर्ध्या सेकंदात पंच कसं बघतात हे मला अजून कोडंच आहे. दोन-तीन भाग बघितलेत की 'लागलं की हो, मग गुण का नाही?' असं तुम्ही ओरडाल. सगळेच ओरडतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: जिंकल्यावर नाचायचं नाही. मूठ उंचावली, उडी मारली, तर पंच मिळालेला गुण काढून घेऊ शकतात. तो नियमच आहे. क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. विकेट पडली आणि गोलंदाज खाली मान घालून आपल्या जागी परतला, अशी कल्पना करा. मालिकेतल्या विनोदाला या नियमाचा भारी उपयोग होतो. कोर्टाच्या आत सगळ्या जणी दगडी चेहऱ्याच्या आणि बाहेर आल्या की माकडचेष्टा.

पाच जणींचा क्रम ठरलेला: सेनपो, जिहो, चूकेन, फुकुशो, ताइशो. पहिलीने सुरुवात गरम करायची, शेवटचीने सोक्षमोक्ष लावायचा. पाचांत तीन सामने जिंकलात की संघ जिंकला. म्हणून तुमच्याकडे एक अजिंक्य मुलगी असली तरी ती एकच सामना जिंकून देणार, बाकीचे दोन कुठून आणायचे ही कोजिरो सरांची कायमची विवंचना. समोरची ताइशो जबरदस्त असेल तर आपली तामाकी कितव्या जागी उभी करायची, याची गणितं खऱ्या शाळांतही अशीच चालतात. आमच्या इथल्या पालकांच्या ग्रुपवर सामन्याच्या आदल्या रात्री दुसरा विषय नसतो.

चिलखताचं बारीकसारीक कामही चोख आहे. डोक्याला आधी सुती पंचा गुंडाळायचा, मग जाळीचं शिरस्त्राण, मग मागे दोऱ्यांची गाठ. गाठीपासून दोऱ्यांची टोकं ४० सेंटिमीटरच्या आत राहिली पाहिजेत आणि सारखी पाहिजेत. कमरेला बांधायच्या पट्ट्यावर शाळेचं आणि मुलीचं नाव, कारण जाळीमागून चेहरा ओळखू येत नाही. मियाको पहिल्यांदा हे सगळं अंगावर चढवते तो प्रसंग बघताना मला आमचीचे पहिले महिने आठवले: नव्या कपड्यांची नीळ उतरून हात-मान निळी, आणि काही आठवड्यांनी त्या हातमोज्यांना येणारा तो वास. तो वास पडद्यावर पोचत नाही हे उपकारच. आमच्या बाल्कनीत ते मोजे वाळत घातले की मी खिडकी लावून घेते.

खोटं काय आहे? मनातल्या मनातली लांबलचक भाषणं. खरा वार डोळ्याचं पातं लवायच्या आत होऊन जातो, मालिकेत तेवढ्यात दोन जणींचं आयुष्य उलगडतं. नवख्या मुली फारच झटपट सामन्यात उतरतात हेही खरं नव्हे. इथे नव्यांना आधी कित्येक आठवडे नुसतं अनवाणी पाय घसटत पुढे-मागे सरकायला लावतात आणि हवेत तलवार फिरवायला लावतात. आणि ओल्या फडक्याने वाकून, धावत जमीन पुसायची असते ती वेगळीच.

मला न आवडलेलंही सांगते. मधले काही भाग पाणी घालून वाढवल्यासारखे आहेत, लेकीने त्या वेळात चक्क गृहपाठ केला. डान आणि यूजी हे दोघे मुलगे बरे आहेत, यूजी तर चांगला खेळतो, पण लेखकाला त्यांचं काय करावं हे सुचलेलं नाही. शेवटाकडे मालिका गंभीर वळण घेते, शाळा आणि क्लबाची अब्रू असा विषय येतो. काहींना ते बेसूर वाटतं. मला चाललं, कारण सरांच्या बेफिकिरीचा हिशेब कधीतरी चुकता व्हायलाच हवा होता.

नववीच्या मुलीसाठी यात आक्षेपार्ह काय, तर सुरुवातीच्या भागांत सीनियर मुलांची दादागिरी आणि मारहाण आहे, आणि मियाकोचा आनंदी क्रूरपणा सगळीकडे आहे. एखाददुसरा चावट विनोद. मंगा मात्र तरुण पुरुषांसाठीच्या मासिकातली, तेव्हा ती हातात देण्याआधी तुम्ही एकदा चाळा. प्रेमप्रकरण म्हणाल तर डान-मियाकोचं तेवढंच, आणि ते निव्वळ विनोदी.

जपानी आवाज आणि सबटायटल्स असंच बघा. मियाकोचा आवाज बदलतो त्यातच सगळी मजा आहे, डबिंगमध्ये ती माझ्या कानाला तरी हरवल्यासारखी वाटली. पहिल्या भागात खेळ जवळजवळ नाही, म्हणून तिथेच निकाल देऊ नका. मियाको क्लबात येईपर्यंत थांबा, आणि तिच्यावरही हसू आलं नाही तर बंद करा. आणि बघून झाल्यावर लेकीने घरातला झाडू दोन्ही हातांनी धरून 'मेन!' म्हणून आरोळी ठोकली, तर ट्यूबलाइट कुठे आहे तेवढं बघा.