गावोगावच्या ब्लूज सोसायट्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत काही महिने राहिलो असताना तिच्या गावातील एका उपाहारगृहात रविवारी दुपारी ‘ब्लूज सोसायटी’चा कार्यक्रम ऐकण्याचा योग आला. तिकीट नव्हते, मंचावरील माणसे थोड्या थोड्या वेळाने बदलत होती आणि त्यांतील निम्मे तरी वादक कच्चे वाटले. संगीताचा प्रसार करू पाहणारी संस्था मुरलेल्या कलावंतांऐवजी अशांना मंच का देते?

उत्तर : ब्लूज म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेला गायन-वादनाचा प्रकार, आणि त्याच्या चाहत्यांनी गावात चालवलेली संस्था म्हणजे ब्लूज सोसायटी. आपण जे ऐकले त्याला तेथील मंडळी ‘जॅम’ म्हणतात, आणि माझ्या मते ब्लूज सोसायटीचे सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे, वार्षिक महोत्सव, बक्षिसे, पत्रके यांचा क्रम त्यानंतर लागतो. जॅमची रीत साधी असते. दाराजवळच्या टेबलावर एक कागद ठेवलेला असतो आणि ज्याला वाजवायचे किंवा गायचे आहे तो त्यावर आपले नाव व वाद्य लिहितो. सोसायटीने बोलावलेला यजमान वाद्यवृंद आरंभी काही गाणी सादर करतो, त्याचे ड्रम आणि अॅम्प्लिफायर पुढे सर्वांसाठी मंचावरच राहतात, आणि मग जॅमचा सूत्रधार कागदावरील नावांतून एक गायक, एक-दोन गिटारवादक, एक बेसवादक आणि एक ड्रमवादक अशी जुळणी करून त्यांना दोन-तीन गाण्यांसाठी वर बोलावतो.

एकमेकांना पूर्वी कधीही न भेटलेली ही माणसे तालमीशिवाय एकत्र वाजवू शकतात, याचे कारण ब्लूजच्या रचनेत आहे. बहुतेक ब्लूज बारा बारच्या आवर्तनात बांधलेला असतो. बार म्हणजे सामान्यतः चार ठोक्यांचा एक गट. अशा बारा गटांत पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या स्वरावर उभे राहणारे तीनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, ठरावीक जागी येतात. गायक एक ओळ म्हणतो, तीच ओळ पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, परंतु शब्द साधारण दोन बारांतच संपतात आणि उरलेल्या जागेत गिटार किंवा हार्मोनिका बोलते. सवाल-जवाबाची ही जागा रचनेनेच राखून ठेवलेली असल्यामुळे सूत्रधाराने ‘ई मध्ये शफल’ (म्हणजे पट्टी ‘ई’ आणि चाल झुलत्या लयीची) एवढे सांगितले तरी पाच अनोळखी माणसांना पुरते. तीच माणसे दुसऱ्या एखाद्या संगीतप्रकारात इतक्या सहज एकत्र आली नसती.

खरे कसब सूत्रधाराचे असते. नवख्या गायकामागे भक्कम ड्रमवादक देणे, चार गिटारवादकांना एकाच वेळी मंचावर न चढू देणे, आणि आवाज वाढवत नेणाऱ्याला चारचौघांत न दुखावता आवरणे, ही कामे त्याची. (गिटारवादकांची यादी नेहमीच लांबलचक असते, तर बेसवादकाला अशा दुपारी टेकायला सवड मिळत नाही.) पूर्वी हे शिक्षण क्लबांमध्ये होत असे. ब्लूजचे नामवंत गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आले आणि तसेच नामवंत बडी गाय १९५७ मध्ये लुइझियानाहून तेथे पोहोचले. त्या शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांतील क्लबांत तरुण वादक थोरांच्या शेजारी उभे राहून, चुका करीत, शिकत होते. ते क्लब बहुतांशी नाहीसे झाले, लहान गावांत तर ते कधी नव्हतेच. आपल्याला खटकलेला कच्चेपणा घेऊनच माणसाने यावे आणि तो हळूहळू तेथे ठेवून जावा, याकरिता जॅम असतो.

प्रश्न : या सोसायट्या शाळांमध्येही जातात असे वाचले. मुलांना ब्लूज शिकवतात म्हणजे नेमके काय करतात?

उत्तर : ‘ब्लूज इन द स्कूल्स’ या नावाने हे काम अमेरिकेत ओळखले जाते. आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथील मिसिसिपी व्हॅली ब्लूज सोसायटीसारख्या जुन्या संस्थांनी ते अनेक वर्षे चालवले आहे. त्याचे दोन प्रकार दिसतात. एका प्रकारात एखादा कलावंत शाळेच्या सभागृहात तासाभराचा कार्यक्रम करून निघून जातो. यात मुलांची करमणूक होते, छायाचित्रे चांगली येतात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे फारसे काही मागे उरत नाही. दुसऱ्या प्रकारात कलावंत काही दिवस त्याच शाळेत राहतो, लहान गटांना शिकवतो आणि अखेरीस मुलांकडूनच गाणे सादर करवून घेतो. खर्च अधिक येतो, पण सोसायटीने पैसा घालावा तो येथेच.

शिकवण्यास हार्मोनिका सोयीची पडते, कारण ती स्वस्त असते, खिशात मावते आणि पहिल्याच तासाला त्यातून सूर निघतो. दहा छिद्रांची ‘सी’ पट्टीतील हार्मोनिका प्रत्येक मुलाला दिली जाते, परंतु गाणे ‘जी’ पट्टीत घेतले जाते. डावीकडील पहिल्या चार छिद्रांतून श्वास आत ओढला की ‘जी’चा कॉर्ड आपोआप वाजतो, आणि तिसऱ्या छिद्रावर ओढताना जिभेने व घशाने हवेची वाट बदलली की स्वर खाली झुकून तो ब्लूजची ओळख असलेला, किंचित उतरलेला ‘ब्लू नोट’ हाती लागतो. वाद्य एका पट्टीचे आणि गाणे दुसऱ्या पट्टीचे, ही वादकांची जुनी युक्ती आहे. मुलांना तिचे कारण समजले नाही तरी कानाला फरक लगेच कळतो. त्यानंतर प्रत्येकाने तीन ओळींचे एक कडवे लिहायचे असते. गृहपाठ, हरवलेले मांजर, शाळेची बस असे विषय येतात आणि एकच ओळ दोनदा म्हणायची असल्यामुळे लिहिण्याची धास्ती निम्मी होते. चांगला शिक्षक मात्र येथेच थांबून सांगतो की ही गाणी कापसाच्या शेतांत राबणाऱ्या, मतदानाचा हक्क नाकारल्या गेलेल्या लोकांनी घडवली. एवढे सांगितले नाही, तर मुलांच्या हाती हार्मोनिका राहते आणि ब्लूज निसटतो.

प्रश्न : गावातली संस्था स्पर्धा घेऊन विजेत्यांना मेम्फिसला पाठवते, ती स्पर्धा कोणती?

उत्तर : टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे १९८० मध्ये स्थापन झालेली ब्लूज फाउंडेशन ही संस्था ‘इंटरनॅशनल ब्लूज चॅलेंज’ भरवते. तिच्याशी संलग्न असलेल्या स्थानिक सोसायट्या आपापल्या गावात फेरी घेतात आणि वाद्यवृंद, तसेच एकट्याने किंवा जोडीने सादर करणारे, अशा दोन गटांतील विजेते पाठवतात. हे कलावंत मेम्फिसच्या बील स्ट्रीटवरील क्लबांत परीक्षकांसमोर वाजवतात. विजेत्यांचा प्रवासखर्च उभा करण्यासाठी गावात पुन्हा एक कार्यक्रम होतो आणि एखाद्या गावातल्या वादकाला दूरच्या महोत्सवांची निमंत्रणे मिळू लागतात, हा तिचा खरा लाभ. संगीताला गुण देणे मला फारसे रुचत नाही, परंतु गावाने आपल्या वादकासाठी वर्गणी काढावी हे रुचते.

प्रश्न : सभासदांची वर्गणी नाममात्र असते. मग हे सारे चालते कसे, आणि कलावंतांना मोबदला मिळतो का?

उत्तर : अशा बहुतेक सोसायट्या अमेरिकी आयकर कायद्याच्या ५०१(सी)(३) या कलमाखाली ना-नफा संस्था म्हणून नोंदलेल्या असतात, त्यामुळे देणगीदाराला करात सवलत घेता येते. वर्गणी, देणग्या, गावातील दुकानदारांचे प्रायोजकत्व, राज्याच्या कला मंडळाचे अनुदान आणि सोडतीची तिकिटे यांतून पैसा गोळा होतो. काम पाहणारे बहुधा स्वयंसेवक असतात. खर्चाची मोठी बाब महोत्सव ही असते आणि नेमकी तीच सर्वांत बेभरवशाची आहे. ध्वनियंत्रणा, मंच, विमा, कलावंतांचा मुक्काम, गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणाऱ्या एएसकॅप आणि बीएमआय यांसारख्या संस्थांचे शुल्क, हे सारे आधीच ठरलेले असते. पाऊस मात्र कोणाला विचारून येत नाही. डॅव्हनपोर्टचा महोत्सव ज्या उद्यानात भरत असे ते मिसिसिपी नदीच्या अगदी काठावर आहे आणि पुरामुळे तो हलवण्याची वेळही आलेली आहे. एका बुडालेल्या महोत्सवाने छोट्या संस्थेची अनेक वर्षांची पुंजी जाऊ शकते, म्हणून वर्षभर लहान कार्यक्रम करणाऱ्या संस्था मला अधिक शहाण्या वाटतात.

मोबदल्याविषयी माझे मत कठोर आहे. जॅममध्ये येणारे हौशी वादक फुकट वाजवतात हे ठीक, परंतु यजमान वाद्यवृंदाला, शाळेत शिकवणाऱ्याला आणि मदतनिधीच्या कार्यक्रमातील व्यावसायिकालाही पैसे दिले पाहिजेत. ‘तुमची प्रसिद्धी होईल’ या वाक्यावर घरभाडे भागत नाही. ब्लूजच्या कलावंतांपैकी अनेकांना आरोग्यविम्याचे कवच नसते. आजारपण आले की सोसायटीलाच कार्यक्रम करून निधी उभारावा लागतो. ब्लूज फाउंडेशननेही २००० मध्ये याच कारणासाठी ‘हार्ट’ नावाचा निधी सुरू केला. विख्यात ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांचे १९३७ मध्ये मोटार अपघातानंतर निधन झाले तेव्हा अंत्ययात्रेला मोठी गर्दी लोटली होती, तरी फिलाडेल्फियाजवळील त्यांच्या थडग्यावर १९७० पर्यंत दगड नव्हता; तो रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसी स्मिथ यांच्या घरी काम केलेल्या ह्वानिता ग्रीन यांनी बसवला. अशा विनानावाच्या थडग्यांवर दगड बसवण्याचे कामही आता ब्लूजप्रेमी करतात, पण कलावंत जिवंत असतानाच त्याच्या औषधपाण्याचे पाहिलेले बरे.

प्रश्न : ब्लूज हे कृष्णवर्णीयांचे संगीत ना? मग मी पाहिलेल्या सोसायटीत जवळजवळ सारे सभासद गोरे आणि साठीच्या पुढचे कसे?

उत्तर : प्रश्न नाजूक आहे आणि रास्त आहे. कृष्णवर्णीय गायिका मेमी स्मिथ यांनी १९२० मध्ये ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले, त्यानंतर कंपन्यांनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी वेगळ्या तबकड्या काढल्या आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे ब्लूजचा मुख्य श्रोता तोच समाज होता. १९६०च्या दशकात त्या समाजातील तरुण सोल या नव्या लोकप्रिय संगीतप्रकाराकडे वळले. ब्लूज त्यांना आईबापांच्या दुःखाचे, मागे टाकून आलेल्या खेड्याचे संगीत वाटू लागले. त्याच सुमारास गोऱ्या तरुणांना ते नव्याने सापडले. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात ब्लूजचे नामवंत गायक-गिटारवादक बी. बी. किंग मंचावर आले तेव्हा मुख्यतः गोऱ्या असलेल्या श्रोत्यांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले आणि ते भारावून गेले, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्या पिढीने पुढे सोसायट्या काढल्या. सॅक्रमेंटोची सोसायटी १९७९ मधली, डॅव्हनपोर्टची १९८४ मधली. आज आपल्याला दिसलेले साठीच्या पुढचे सभासद म्हणजे बहुधा हीच माणसे.

त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. त्यांनी सांभाळले नसते तर पुष्कळ काही विरून गेले असते. तथापि प्रेम करता करता मालकी येते. ‘खरा’ ब्लूज कोणता हे ठरवणाऱ्या समितीत ज्यांच्या आजोबांनी तो घडवला त्यांच्यापैकी कोणीच नसेल, तर काहीतरी चुकते आहे. उपाय दूरचे नाहीत : कार्यक्रम नेहमीच्या उपाहारगृहाबाहेर, कृष्णवर्णीय वस्तीतील चर्चच्या सभागृहात किंवा वाचनालयात करणे, तेथील गॉस्पेल (चर्चमधील भक्तिगीते) गायकांना बोलावणे, कार्यकारिणीत जागा देणे, आणि तरुणांनी ब्लूजमध्ये रॅप मिसळला तर नाक न मुरडणे.

प्रश्न : पुन्हा मुलीकडे जाणार आहे. मला वाद्य वाजवता येत नाही. तरी सभासद होण्यात अर्थ आहे का?

उत्तर : जरूर व्हावे. वाद्य न वाजवणाऱ्यांचीच तेथे अधिक गरज असते. नावे लिहिण्याच्या कागदाशी बसणे, विमानतळावरून पाहुण्या कलावंताला आणणे, खुर्च्या मांडणे, जुन्या वादकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे यांसाठी माणसे मिळत नाहीत. पहिल्या दिवशी अर्धा तास लवकर जावे आणि सूत्रधाराला विचारावे. बहुधा तो आपल्या हाती पेन देईल.