ओठ सुजतो, मग तोंड वाकडं होतं, हे एकाच आजाराचं काम?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय 34. दोन वर्षं झाली, वरचा ओठ मधूनच सुजतो. दुखत नाही, खाजत नाही, नुसता जड होतो. पहिल्यांदा तीन दिवसांत उतरला, आता दोन-दोन आठवडे तसाच राहतो आणि ॲलर्जीच्या गोळ्या खाऊन काही फरक नाही. त्यात मागच्या महिन्यात सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूने गळायला लागलं, आरशात बघते तर तोंड वाकडं, डावा डोळा मिटेना. आता बरंच सुधारलंय. एका डॉक्टरांनी जीभ बघून मेलकर्सन-रोझेन्थाल सिंड्रोम असं लिहून दिलं. नेटवर वाचलं तर ऑटोइम्यून म्हणजे आपली प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटते असा आजार, बरा होत नाही वगैरे, रात्रभर झोप नाही. खरंच असं आहे का?

उत्तर: ताई, आधी एक सांगते, ज्या डॉक्टरांनी तुम्हाला जीभ बाहेर काढायला लावली ना, ते हुशार आहेत. कारण ओठाची सूज, चेहऱ्याचा लकवा आणि भेगा पडलेली जीभ ही या सिंड्रोमची तीन लक्षणं एकाच वेळी क्वचितच दिसतात, मध्ये कधीकधी वर्षं जातात, त्यामुळे ओठ ॲलर्जीवाल्याकडे, तोंड न्यूरोलॉजिस्टकडे आणि जीभ कोणाकडेच नाही, असं होतं. 1928 मध्ये स्वीडनच्या मेलकर्सनने सूज आणि लकव्याची जोडी मांडली, 1931 मध्ये जर्मनीच्या रोझेन्थालने त्यात जीभ जोडली. नुसती भेगाळलेली जीभ मात्र कितीतरी धडधाकट माणसांची असते, म्हणून घरातल्या सगळ्यांच्या जिभा तपासत बसू नका!

ॲलर्जीची सूज शक्यतो एक ते तीन दिवसांत उतरते. तुमची रेंगाळतेय, आणि असं वारंवार झालं की ओठ हळूहळू रबरासारखा घट्ट होऊन तसाच राहू शकतो, म्हणून उपचार लांबवायचे नाहीत. ओठाचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करतात, त्यात ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींचे बारीक पुंजके दिसले तर निदानाला बळकटी मिळते, पण नाही दिसले म्हणून आजार नाही असंही नसतं.

ऑटोइम्यूनचं म्हणाल तर तो शिक्का इतक्या सहज मारता येत नाही. नेमकं कारण अजून ठरलेलं नाही, इम्यून सिस्टीम म्हणजे प्रतिकारशक्ती बिथरलेली असावी असं मानतात. क्रोन्स (आतड्यांना सूज येणारा आजार) आणि सार्कोइडोसिस (बहुतेकदा फुप्फुसांत होणारा आजार) या दोन आजारांतही असेच ग्रॅन्युलोमा असतात आणि क्रोन्समध्ये तर पोटाच्या आधी ओठ सुजलेला असू शकतो. म्हणून वारंवार जुलाब, शौचातून रक्त, पोटदुखी, विनाकारण वजन उतरणं, यातलं काही असेल तर लाजू नका, सांगा. छातीचा एक्स-रे सांगितला तर ओठाला छातीचा काय संबंध असं म्हणू नका, तो सार्कोइडोसिससाठी असतो.

उपचारात स्टेरॉइड, गोळ्या किंवा थेट ओठात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्याने सूज बहुतेकदा उतरते, परत येतेही, म्हणून कायमचा बरा असं वचन मी देणार नाही, पण आटोक्यात ठेवता येतो आणि जिवावर बेतणारा नाही. काहींना दालचिनी आणि बेंझोएट (पदार्थ टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) बंद केल्यावर ओठ कमी सुजतो असा अनुभव आहे, टूथपेस्टच्या फ्लेवरमध्येही दालचिनी असते, तेव्हा ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

लकवा परत होऊ शकतो, दुसऱ्या बाजूलाही. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरकडे, स्टेरॉइड लवकर सुरू झालेलं बरं असतं. हातपायात कमजोरी आली किंवा बोलणं अडखळलं तर मात्र तो स्ट्रोक असू शकतो, सरळ इमर्जन्सीत. जीभ किंवा घसा सुजून श्वास अडला तरी तेच.

आणि डोळा! तोंड वाकडं झालं की सगळे ओठाकडे बघतात, पण न मिटणारा डोळा सुकून बुबुळावर जखम होते. दिवसा अश्रूंसारखे ड्रॉप्स, रात्री मलम लावून पापणी टेपने बंद करायची. सूज आली की मोबाइलवर फोटो काढत जा, तारखेसकट. तुम्ही डॉक्टरकडे जाईपर्यंत ओठ उतरलेला असतो आणि मग समोरच्याला दाखवायला हातात काहीच नसतं.